पुस्तक मिटा

२ फेब्रुवारी

मेव्हणीबाई,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. घरात फोन असताना हा म्हातारा पत्र का खरडतो, असं तुला वाटेल. तर त्याचं कारण असं की आमचा फोन स्वयंपाकघराच्या दारात आहे आणि तुझी ताई तिथेच खुर्ची टाकून बसते. तिची जीभ आजारी असली तरी कान शाबूत आहेत. तिच्याबद्दल तिच्यासमोर काय बोलणार? तेव्हा हा पत्रव्यवहार आपल्या दोघांतच राहू दे. तिला कळलं तर माझी धडगत नाही.

तू दवाखान्यात आली होतीस तेव्हा ती नुसती डोळ्यांनी बोलत होती. आता पुष्कळ सुधारणा आहे. चालते, जिना उतरते. उजवा हात अजून रुसलेला आहे, पण डाव्याने भागवते. अडचण फक्त बोलण्याची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मेंदूच्या झटक्याने अक्कल कुठे गेलेली नाही, शब्द सापडायला वेळ लागतो एवढंच. बोलत राहिल्या तर सुधारतील. गप्प बसल्या तर आहे तेही जाईल." हे शेवटचं वाक्य मी रोज सकाळी उठल्या उठल्या स्वतःला ऐकवतो.

म्हणून आम्ही दुकान उघडलं. सगळे म्हणाले, घाई करू नका. मी म्हटलं, जिचं आयुष्य बटणं, लेस आणि दोऱ्याच्या रिळांत गेलं, जिच्याशी घासाघीस करायला गल्लीतल्या बायका घाबरायच्या, तिला घरात बसवलं तर ती आठवड्यात भिंतीसारखी होईल. ती गल्ल्यावर बसते आणि मी तिच्या पाठीमागे, अस्तरांच्या गठ्ठ्याआड, स्टूल टाकून बसतो.

आणि आता फुशारकी मारू दे. मेव्हणीसमोर नाही मारायची तर कुणासमोर? काल एक बाई कोट घेऊन आली. तुझ्या ताईने कापड चाचपलं, बरोबर खण उघडला, बटण काढून ठेवलं आणि म्हणाली, "हे... हे..." मी मागून ओठही न हलवता म्हटलं, "शिंपल्याचं." ती म्हणाली, "शिंपल्याचं." बाईला पत्ताही लागला नाही! अगं, जन्मभर नाटक मंडळीत विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं. माझ्या कारकिर्दीत एकही नट तोंड उघडं टाकून उभा राहिलेला नाही. कुजबुजराव म्हणायचे मला, ते काय उगाच? तर मग माझी बायको लोकांसमोर अडकून उभी राहील? मी जिवंत असेपर्यंत तिचा एक शब्द खाली पडू देणार नाही, हे तू लिहून ठेव.

साडूभाऊंची तब्येत कशी आहे? रंगाऱ्याला माझा नमस्कार सांग.

तुझा भाऊजी


११ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. पत्र वाचून डोळ्यात पाणी आलं. मला पाणी येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, शाळेत मुली म्हणायच्या की बाई दगडाच्या आहेत. तुम्ही जे करताय ते शंभर नवऱ्यांत एक करत नाही. मी ताईची धाकटी बहीण म्हणून तुम्हाला शाबासकी देते.

पण नुसतं दुकानात बसून भागणार नाही. शरीर असो की जीभ, सराव हा सरावच असतो. मी इतकी वर्षं कवायत शिकवली, लुळ्या खांद्याच्या मुलींना दोरीवर चढवलं. तेव्हा ऐका. चित्रांची कार्डं आणा. कप, कात्री, किल्ली, छत्री. सकाळी उठल्यावर, जेवणाआधी, संध्याकाळी. कार्ड दाखवायचं, शब्द म्हणून घ्यायचा. अडली तर तुम्ही सांगायचा, पुन्हा तिच्याकडून म्हणून घ्यायचा. कंटाळली तरी सोडायचं नाही. लहानपणी तिने मला पोहायला असंच शिकवलं होतं, विहिरीत ढकलून. तिला म्हणावं, आता माझी पाळी.

इकडचं विचारलंत. मागे ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हाच मी ठरवलं होतं की आता शिडी बंद. रंगाच्या कामात सगळा जन्म शिडीवर गेला, पुरे झालं. ऐकेनात, तर मी शिडीच उचलून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना देऊन टाकली. ब्रश, पत्र्याचे डबे, सगळं. पहिले चार दिवस धुसफुसले. आता बघा, कसे शहाण्यासारखे राहतात! सकाळी मी बागेत म्हाताऱ्यांचा व्यायामाचा वर्ग घेते तेव्हा हे स्वस्थ पडून असतात. आल्यावर विचारलं, काय केलंत? तर म्हणतात, काही नाही. इतका शांत माणूस मी लग्नानंतर पहिल्यांदा बघते आहे.

तेव्हा थोडं कडक व्हा. प्रेमाने काही होत नाही, शिस्तीने होतं.

तुमची मेव्हणी


९ मार्च

मेव्हणीबाई,

तुझ्या शिस्तीप्रमाणे सगळं केलं. कार्डं आणली, रंगीत, चांगली जाड. पहिले आठ-दहा दिवस तुझ्या ताईने मुकाट्याने म्हटलं. कप. कात्री. किल्ली. मी खूश. एके दिवशी तिने माझ्या हातातली सगळी कार्डं घेतली, टेबलावर उलटी मांडली आणि उठून बाल्कनीत गेली. मला वाटलं, दमली असेल.

पण त्यानंतर ती बोलणं कमी करत गेली. दुकानात गिऱ्हाईक काही विचारतं आणि ती तोंडच उघडत नाही. वळून माझ्याकडे बघते. मग मीच सांगतो, चेन आहे, इलॅस्टिक संपलंय, उद्या या. घरी तर त्याहून वाईट. मी विचारतो, चहा? ती हं म्हणते. मी विचारतो, बाहेर जाऊया? हं. परवा तेही बंद झालं. नुसती मान हलवते.

मला भीती वाटते गं. नाटकात कुणी अडखळलं तर मला कधी भीती वाटली नाही, कारण पुढचं वाक्य माझ्या मांडीवर छापलेलं असायचं. इथे मांडीवर काही नाही. घरात माणसं दोन आणि आवाज एकाचाच, माझा. मी बोलतो आणि मीच उत्तर देतो. हीच का ती बाई, जिला मी लग्नानंतर पहिल्या महिन्यात हात जोडून म्हटलं होतं, जरा श्वास घे? डॉक्टरांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. आहे तेही जाईल. तेच होतंय का?

मी अजून नेटाने करतो आहे. ती अडण्याआधीच शब्द देतो, म्हणजे तिला कष्ट नकोत. हात टेकणार नाही, काळजी करू नकोस.

जाता जाता एक विचारतो, राग मानू नकोस. साडूभाऊ शांत झाले म्हणतेस. शिडीवरून गाणी म्हणणारा तो माणूस, ज्याच्या आवाजाने आमच्या घराचा रंग वाळायच्या आधी पोपडे धरायचा, तो 'काही नाही' म्हणतो, आणि तुला हे बरं लक्षण वाटतं?

भाऊजी


१५ मार्च

भाऊजी,

पत्र मिळाल्याबरोबर लिहिते आहे. हे साधं नाही. दुसरा झटका येऊन गेला असेल, बारीकसा, कळतही नाही म्हणतात. उद्याच्या उद्या तिला दवाखान्यात न्या. हयगय नको. आणि ते दुकान बंद करा. मी आधीच म्हणणार होते. चारचौघांसमोर तिची परीक्षा कशाला? तिला इकडे घेऊन या. तुम्हीही या. माझ्याकडे खोली आहे, मी दोन्ही बाजू सांभाळीन. एक आजारी सांभाळते आहे तिथे दोन.

आणि माझ्या नवऱ्याचं मी बघेन. तुम्ही तुमच्या बायकोचं बघा. तिकडे घराला आग लागली आहे आणि तुम्ही माझ्या घरात धूर शोधताय.

चिडून लिहिलं. पण ताईची बातमी वाचल्यापासून मी बसल्या जागी बसू शकत नाही. कळवा लवकर.

मेव्हणी


२० एप्रिल

मेव्हणीबाई,

उशीर झाला, कारण लिहायला तोंड नव्हतं. आता आहे. सविस्तर वाच आणि मध्ये शिट्टी वाजवू नकोस.

दवाखान्यात नेलं. दुसरा झटका वगैरे काही नाही. डॉक्टरांनी बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. पोरगेलीशी बाई आहे. ती तुझ्या ताईला म्हणाली, "या, बसा." मी पण खुर्ची ओढली. तर म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर बसा." मी म्हटलं, "अहो पण ती अडेल." ती म्हणाली, "हो. म्हणूनच."

बाहेर बाकावर बसलो. दाराला धुरकट काच. विंगेत आयुष्य काढलेल्या माणसाला पडद्यापलीकडचं ऐकायची सवय असते, मी कान लावला. आत बाईने काहीतरी दाखवलं असावं. मग शांतता. अगं, काय ती शांतता! काय दाखवलंय ते मला दिसत नव्हतं, तरी माझ्या तोंडात दहा शब्द उभे राहिले. मी मूठ दातांत धरली. मग आतून तुझ्या ताईचा आवाज आला. "कापायचं... दोन पायांचं... थांबा... कात्री." आणि ती हसली. मेव्हणीबाई, ती हसली. मी किती दिवसांत तो आवाज ऐकला नव्हता, हे मला तिथे बाकावर बसून कळलं.

मग ती बोलतच राहिली. तुटक, थांबत, मध्येच भलता शब्द येऊन, तो परत टाकून. दुकानाबद्दल, तुझ्याबद्दल, विहिरीबद्दल. बाईने विचारलं, घरी कोण असतं? ती म्हणाली, "नवरा. चांगला आहे. खूप चांगला. फक्त फार..." इथे मोठा थांबा. "फार आधी." बाई खळखळून हसली आणि तुझी ताईही हसली. बाहेर बाकावर एक म्हातारा रडत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं हे बरंच झालं.

घरी येईपर्यंत मी अवाक्षर काढलं नाही. दाराचं कुलूप काढताना तिने माझ्या दंडाला धरलं, सरळ डोळ्यात बघितलं आणि शब्दाशब्दाने म्हणाली, "पुस्तक. मिटा."

तुला याचा अर्थ कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या धंद्यात प्रॉम्प्टरला देता येणारी सगळ्यात मोठी शिवी ती. नटाला माहीत असतं की कुठे आपण विसरलोय आणि कुठे मुद्दाम थांबलोय. प्रॉम्प्टरलाही माहीत असलं पाहिजे. नट थांबला की त्याच्या खांद्याकडे बघायचं. विसरला असेल तर खांदे वर जातात. थांबला असेल तर जागेवर राहतात. थांबलेल्या माणसाला शब्द फेकलास तर त्याचा अख्खा प्रवेश मेला. एकदाच माझ्याकडून तसं झालं, तेव्हा मोठ्या नटाने भर तालमीत मला म्हटलं होतं, पुस्तक मिटा आणि बाहेर बसा. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नव्हतो. तुझ्या ताईनेच माझी समजूत घातली होती.

परक्या नटांचे खांदे मी वर्षानुवर्षं न्याहाळले. बायकोच्या पाठीमागे दोन-अडीच महिने बसलो आणि तिचे खांदे एकदाही बघितले नाहीत. कारण बघायला थांबावं लागतं आणि मला तिचं थांबणं सहन होत नव्हतं. लोक बघतील, कीव करतील, म्हणून नाही. ती शांत झाली की मला ती दवाखान्यातली पहिली रात्र आठवायची. मी शब्द तिच्यासाठी देत नव्हतो गं. माझी भीती बुजवायला देत होतो. ती मात्र समजली की हा मला गेल्यातच जमा धरतो आहे.

तर आता नवी व्यवस्था. दुकानातून माझी हकालपट्टी झाली. समोर छत्र्या दुरुस्त करणारा बसतो, त्याच्या पायरीवर माझी जागा. तिथून तिचं तोंड दिसतं, ऐकू येत नाही. मी तोंडात लवंग धरून बसतो, म्हणजे जबडा मिटलेला राहतो. परवा एक गिऱ्हाईक हातवारे करून करून थकलं आणि निघून गेलं. मी अर्धा उठलो. तिने गल्लीपलीकडून पंजा वर केला. बसा! मी बसलो. त्यानंतर एक शाळकरी मुलगी आली, गल्ल्यावर कोपर टेकून निवांत उभी राहिली, जणू तिला दुसरं काही काम नाही. तुझ्या ताईने तिला काय सांगितलं देव जाणे, पण पोरगी हसत हसत रिबिनीचं बंडल घेऊन गेली. छत्रीवाला म्हणाला, "काका, डोळे पुसा, गिऱ्हाईक येतंय माझ्याकडे."

घरी जेवताना जास्त कठीण जातं. ताटात मीठ नाही, ती शब्द शोधते आहे, मिठाची बाटली माझ्या हाताशी आहे आणि मी हातावर बसून राहतो. जेवण गार होतं. झालं तर होऊ दे. गार जेवून कुणी मेलेलं नाही. मी ठरवलंय, आणि यावेळी बरोबर ठरवलंय.

आता तुझ्याकडे वळतो. तू मला म्हणालीस, माझ्या घरात धूर शोधू नका. मेव्हणीबाई, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. हे मी स्वतःला म्हणतोय. तुलाही म्हणतोय. शांत माणूस बरा झालेला असतो असं नाही. रंगाऱ्याचे खांदे बघ.

तुझा भाऊजी


३ जून

भाऊजी,

तुमचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फाडणार होते. म्हटलं, स्वतःचं शहाणपण उशिरा आलं म्हणून जगाला वाटत फिरतायत. म्हणून उत्तर दिलं नाही. मग जे झालं ते ऐका.

मागच्या सोमवारी बागेतला वर्ग लवकर संपला, एक म्हातारी पाय मुरगळून बसली म्हणून. घरी आले तर हे नाहीत. खाट रिकामी. जिन्यात आले आणि वरून गाण्याचा आवाज आला. आवाज ओळखीचा. सूर तर त्याहून ओळखीचा, कारण तो बरोबर नव्हताच. वरच्या शेजाऱ्यांचं दार उघडं होतं. आत माझी शिडी. माझ्या शिडीवर माझा नवरा. छताला पांढरा रंग देत होता.

महिनाभर चाललं होतं भाऊजी! मी बागेत गेले की हे वर जात. मी यायच्या आत हातपाय धुऊन खाटेवर आडवे. शेजारीण सामील. रॉकेलने हात पुसायचे आणि मला वास येऊ नये म्हणून साबणाने तीनतीनदा धुवायचे. आणि मी काय म्हणायची? कसे शहाण्यासारखे राहतात!

तोंडात शिट्टी होती, सवयीने. वाजवणार होते. पण वाजवली असती तर दचकून पडले असते. तेव्हा काय करणार? मी गेले आणि शिडीचे पाय दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. त्यांनी खाली बघितलं. गाणं बंद. मी म्हटलं, "कडवं पुरं करा." त्यांनी नाही केलं. खाली उतरले, शेवटच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "तू शिडी दिलीस त्या दिवशी मला वाटलं, आता माझं फक्त जायचंच काम उरलं."

मी त्यांच्यावर ओरडले. त्यांच्यापेक्षा जास्त स्वतःवर. शेजारीण बिचारी दार लावून आत गेली, स्वतःच्याच घरात! खोटं बोललात म्हणून भांडले, ते म्हणाले, तुला घोर लागू नये म्हणून. मी म्हटलं, मी शिडी दिली तीही घोर लागू नये म्हणूनच. मग हसू आलं. काय मूर्ख जोडपं!

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, चढू द्या, पण उंच नको, दमेपर्यंत नको, एकटं नको. म्हणून असं ठरलंय. शिडी परत आली. ते हात पोचेल तेवढं रंगवतील, शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर उभे राहून. मी खाली धरून उभी राहीन. वरचं छत शेजारीण दुसऱ्या कुणाकडून करून घेईल. ह्यांना हे अपमानाचं वाटतं. मला रोज छातीत धडधडतं. दोघांनाही नको असलेली गोष्ट दोघं करतो आहोत आणि घरात पुन्हा गाणं ऐकू येतं आहे. शिस्तच म्हणा.

कुसळ-मुसळ लिहिलंत त्याबद्दल अजून राग आहे. तो राहू दे, मला त्याची सवय झाली आहे. ताई कशी आहे? खरं लिहा.

मेव्हणी


१९ जून

धाकटे,

मी लिहिते आहे. मीच. डावा हात. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हसू नकोस. हस.

ह्यांना दाखवलं नाही. समोर बसलेत. बघत नाहीत असं दाखवतात. नट नव्हते ते, म्हणून जमत नाही.

तुमची पत्रं मला माहीत होती. पहिल्यापासून. पाकिटावर लावायचं ते — चिकटवायचं — छोटं — तिकीट. ते माझ्या खणातून कमी व्हायचं. आणि तुझी पत्रं त्यांनी कोटात ठेवली. कोटाची बटणं मीच लावते. सगळी वाचली. विहिरीचं वाचलं. मी ढकललं नव्हतं. तू घसरलीस.

मी गप्प झाले ते आजाराने नाही. रागाने. आणि सांगते, भीतीनेही. मी शब्द आणायला निघायची. बघते तर हे आधीच तिथे उभे, शब्द हातात घेऊन. रोज असं. मग वाटायला लागलं, निघायचं कशाला? मग वाटलं, असंच राहिलं तर निघायचं विसरून जाईन. त्या दिवशी कार्डं उलटी केली. बाल्कनीत जाऊन रडले.

आता रोज निघते. कधी मिळतो शब्द. कधी दुसराच मिळतो. परवा रीळ म्हणायचं तर नदी म्हटलं. गिऱ्हाईक म्हणालं, नदी कुठल्या रंगाची? मी म्हटलं, निळी. निळं रीळ दिलं. बरोबर होतं.

ह्यांचं सांगते. ह्यांना फार जड जातं. मी शोधत असले की ह्यांचे गुडघे हलतात. चांगला माणूस. आम्ही ठरवलं आहे. मला शब्द हवा असला तर मी टेबलावर टिचकी मारायची. तेव्हाच द्यायचा. नाहीतर नाही. मी फार मारत नाही. गरज लागत नाही तेवढी. पण दिवसभर टिचकी नाही तर हे संध्याकाळी खुर्चीत लहान होऊन बसतात. मग मी एक मारते. शब्द मला येत असतो. तरी मारते. ते सांगतात. किती खूश होतात! हे त्यांना सांगू नकोस. कधीच नाही.

तू शिडी धरलीस ते वाचलं. शाबास. धरताना वर बघू नकोस, मान दुखेल. ऐक.

शनिवारी तुझ्याकडे येते. एकटी. बसने. हे म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, तिकिटाच्या खिडकीपर्यंत तरी. मी म्हटलं, नको. मग उठून माझी पिशवी खाली काढली, पट्टा तुटका होता तो शिवायला बसले. शिवतायत अजून. नाक ओढतायत.

तू स्टँडवर येऊ नकोस. घर मला माहीत आहे.

तिकिटाच्या खिडकीवर तुझ्या गावाचं नाव मला लगेच येणार नाही. आत्ता लिहितानाही आलेलं नाही. आतला माणूस वैतागेल. कोणी मागून सुचवेल, हे का, ते का. मी नको म्हणेन. माझं मी सांगेन. मागे रांग थांबेल.

थांबू दे.

ताई